पान एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस

प्रिय नववी हिला आठवीचा सप्रेम नमस्कार, आणि नोकरीत मी तुझ्याआधी सहा महिने लागले होते म्हणून वर थोडा आशीर्वाद. (वयाने तू दोन वर्षांनी मोठी आहेस हे मला ठाऊक आहे, म्हणूनच नमस्कार आधी लिहिला.) तुझे गुडघे कसे आहेत? मी डाव्याचं विचारतेय. उजवा नुसता डाव्याच्या सोबतीला दुखतो असं तूच म्हणायचीस. चष्म्याचा नंबर थांबला का अजून वाढतोच आहे? लेक, जावई, नात सगळी खुशाल असतील. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे आमचे हे बरे आहेत, आणि त्यातून उरेल तेवढं बरं आम्ही बाकीचे वाटून घेतो. चार वर्षांत तुझं एक पत्र नाही. माझंही नाही, पण मी निदान तीनदा लिहायला घेतलं होतं. तू घेतलं होतंस की नाही हे मला कळायला मार्ग नाही, तेव्हा या बाबतीत मी तुझ्यापेक्षा थोडी बरी असं समजून पुढे लिहिते.

आज लिहायचं कारण अगदी साधं आहे. वर्षअखेरची पंधरा दिवसांची सुट्टी लागली, आज तिचा चौथा दिवस, आणि सुट्टीच्या पहिल्या दिवशी आमच्या घरी एकमेकांना भेटी देतात हे तुला माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर महिनाभर आधी एक कागद चिकटतो, त्यावर ज्याला जे हवं ते त्याने लिहायचं. मी इतकी वर्षं ‘काहीही चालेल’ असं लिहीत आले आणि मला काहीही मिळत आलं. पुस्तकांच्या कारखान्यात बाई काम करते म्हणजे तिला पुस्तकं आवडत असणार, हा यांचा हिशेब. (मिठाईच्या दुकानातल्या माणसाला कोणी मिठाई देतं का?) एका वर्षी लेकाने ‘पोट आत, मन शांत’ हे पुस्तक दिलं. दुसऱ्या वर्षी सूनबाईने चंदेरी कागदात गुंडाळून, फीत लावून ‘सासूपण: एक हसरी कला’ दिलं आणि मी हसते का ते पाहत उभी राहिली. आमचे हे दर वर्षी मला न चुकता स्वतःला हवं असलेलं पुस्तक देतात. गेल्या वेळी त्यांनी मला ‘घरच्या घरी नळदुरुस्ती’ दिलं, त्याच दिवशी माझ्याकडून वाचायला मागून घेतलं, आणि आता आमच्या न्हाणीघरातला जो नळ आधी नुसता ठिबकायचा तो बोलायला लागलाय.

या वर्षी सूनबाईने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली की आई, यंदा ‘काहीही’ चालायचं नाही, नेमकी पुस्तकं सांगा. आता मी काय सांगणार? मी तिला आपली गोष्ट समजावून सांगितली. पुस्तक आपल्याकडे एकदम पुस्तक म्हणून येत नाही. सोळा-सोळा पानांचे फर्मे छापून येतात, प्रत्येक फर्म्याला एक बाई, लांब टेबलाशी ओळीने बसायचं, आपापल्या फर्म्याची घडी घालायची आणि घड्यांचा ढीग झाला की क्रमाने एकावर एक जुळवून शिवणकामाला पुढे सरकवायचं. मी आठव्या फर्म्याची. माझ्या वाट्याला आयुष्यभर पान एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस. घडी घालता घालता जेवढं वाचता येईल तेवढं मी वाचलं, आणि एकवीस वर्षांत शेकडो पुस्तकं वाचली, पण प्रत्येकातली सोळाच पानं. पुस्तकाचं नाव पहिल्या फर्म्यात, शेवट शेवटच्या फर्म्यात, आणि शिवून झालं की गठ्ठे बांधून गाडीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. (मालक आपल्याला नावाने हाक न मारता आठवी, नववी म्हणायचे, त्यावरून यांचं एक म्हणणं आहे की मी एकवीस वर्षं आठवीतच राहिले. ते दर सुट्टीत हे म्हणतात आणि दर सुट्टीत पहिल्यांदाच सुचल्यासारखे हसतात.)

तरी एक सांगते, सोळा पानांवरून साहित्यातलं मला जेवढं कळलं तेवढं पूर्ण वाचणाऱ्यांना कळलं असेल असं वाटत नाही. एकशे तेराव्या पानाच्या सुमाराला प्रत्येक प्रेमकथेत कोणीतरी आजारी पडतं. थोरामोठ्यांच्या चरित्रात या पानांवर थोर माणूस पहिल्यांदा परदेशी जातो, आणि त्याची बायको शेवटची दिसते. ‘याच सुमारास त्यांना चौथे अपत्य झाले’ एवढं एक वाक्य, की मग तो निघाला. यशस्वी कसं व्हावं हे शिकवणारी पुस्तकं तिथे हटकून ‘आतापर्यंत आपण पाहिले की’ असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. कवितेबद्दल मला मत नाही, कारण कवितासंग्रहाचा दम चौथ्या-पाचव्या फर्म्यातच सुटतो, माझ्यापर्यंत तो कधी पोचलाच नाही. आणि आत्मचरित्र लिहिणारा माणूस आठव्या फर्म्यात आपली एखादी चूक कबूल करतो, पण अशी की वाचणाऱ्याला वाटावं, हा किती मोठ्या मनाचा. (हे वाक्य लिहिताना मला जरा खोकला आला. ते असो.)

तर मी सूनबाईला नावं न देता यादी दिली. जी गोष्ट मला जेवढी ठाऊक तेवढी लिहिली. एक पुस्तक असं, की त्यात धाकटी जाऊ एकशे एकोणिसाव्या पानावर न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावते आणि एकशे अठ्ठावीसपर्यंत घरातलं एकही माणूस दार वाजवत नाही. एक असं, की खून लंगडणाऱ्या माणसाने केलाय हे पक्कं होतं आणि मग पाठोपाठ तीन माणसं लंगडत आत येतात. एक ते चरित्र, चौथ्या अपत्याचं. मला त्या बाईचं पुढे काय झालं एवढंच हवं आहे, थोर माणसाचं काय झालं ते त्याच्या पुतळ्यावरून कळतंच. आणि सगळ्यांच्या वर, अधोरेखित करून, विहिरीचं. तुला आठवत असेल. शाळामास्तरचा मोठा भाऊ एकशे चौदाव्या पानावर पडलेली बादली काढायला विहिरीत उतरतो. वर काठावर मास्तर दोर धरून. मग मास्तरला लहानपणचं आठवायला लागतं आणि चौदा पानं तो आठवतच बसतो. एकशे अठ्ठाविसाव्या पानाच्या शेवटच्या ओळीत दोर हलतो. चार वर्षं झाली, माझ्या लेखी तो माणूस अजून खालीच आहे.

सूनबाई औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. डॉक्टरांचं अक्षर लावायची सवय, त्यामुळे माझी यादी तिला वाचता आली, हेच मोठं. ती यादी घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेली आणि बरोबर आमचे हे गेले, कारण हे आयुष्यभर कचेरीत आवक-जावक विभागात होते आणि पाकिटावरून आतला मजकूर ओळखण्याचा त्यांना अभिमान आहे. त्या दुकानात आता पुढे कप, पेनं, कापडी ससे आणि वासाच्या मेणबत्त्या असतात. पुस्तकं मागे, जिन्याखाली, काहीतरी गुन्हा केल्यासारखी उभी केलेली. दुकानदाराने नाव विचारलं. सूनबाईने विहिरीतला माणूस सांगितला. दुकानदाराने लेखक विचारला, सूनबाईने पानं सांगितली. त्याने संगणकात ‘विहीर’ टाकलं तेव्हा ‘विहीर: खोदकाम व डागडुजी’ असं एकच निघालं, आणि आमच्या ह्यांनी ते ताबडतोब बाजूला काढून ठेवायला सांगितलं. (आमच्याकडे विहीर नाही. नळ आहे, त्याचं वर लिहिलंच आहे.)

मग दुकानदारालाही जरा ईर्षा चढली. त्याने कादंबऱ्या काढून प्रत्येकीचं एकशे तेरावं पान उघडायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं जमली. कोणी न्हाणीघर शोधतंय, कोणी लंगडा. एक बाई ससा घ्यायला आल्या होत्या, त्या जिन्यावर बसून वाचायला लागल्या आणि ससा न घेताच गेल्या. तेवढ्यात तिथे वर्तमानपत्रात पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे एक गृहस्थ आले, त्यांना दुकानदाराने मोठ्या आशेने विचारलं. ते म्हणाले की एकशे तेरावं पान हा काहीतरी गैरसमज असावा, आपण इतकी वर्षं लिहितोय, आपल्या तरी ते पाहण्यात आलेलं नाही. तासाभराने दुकानदार थकला आणि त्याने आपल्या मताने दोन आणि यांनी काढून ठेवलेलं एक, अशी सूनबाईला तीन पुस्तकं बांधून दिली. सुट्टीच्या पहिल्या दिवशी ती माझ्या पुढ्यात आली. ‘निवृत्तीनंतरचे सोनेरी क्षण’, त्यात प्रत्येक पानावर चार ओळी आणि एक सूर्यास्त; एकूण पानं शहाण्णव, म्हणजे माझा फर्मा त्यात नाहीच. दुसरं रंग भरायचं. तिसरं ‘विहीर: खोदकाम व डागडुजी’, ते यांनी दिलं आणि त्याच दिवशी माझ्याकडून वाचायला मागून घेतलं. तर असं आहे बघ, माणूस विहिरीत राहिला आणि आम्हाला विहीर मिळाली.

आता विहिरीचा विषय निघालाच आहे (मी काढलेला नाही, पत्राच्या ओघात निघाला), तर त्या दिवसाबद्दल दोन शब्द. ती जुनी गोष्ट उगाळायची माझी अजिबात इच्छा नाही. तू चष्म्याचा नंबर काढायला मालकांना न सांगता अर्धा तास गेली होतीस, तुझी जागा मी सांभाळत होते, आणि त्या अर्ध्या तासात तीनशे प्रतींमध्ये आठव्याच्या आधी नववा लागला. कसा लागला, कोण जाणे. ढीग हलतात. टेबल जुनं होतं. पंख्याचा वाराही होता. दोन दिवसांनी प्रत परत आली आणि मालकांनी नववा कोणाचा म्हणून विचारलं, तू माझा म्हणालीस, आणि मग मालक तुझ्या डोळ्यांबद्दल आणि वयाबद्दल जे बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण मी घडी घालत होते. (घडी हाताने घालतात, कानाने नाही, असं तू म्हणशील. म्हण.) तू डबा उचललास, चप्पल घातलीस आणि गेलीस. माझ्याकडे पाहिलंस का? मला आठवत नाही, मी खाली पाहत होते.

पुढचं तुला कळलं की नाही माहीत नाही, म्हणून सांगते. त्या तीनशेतल्याच प्रती बक्षीस देणाऱ्या समितीकडे गेल्या आणि त्या पुस्तकाला वर्षाचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. एकशे बाराव्या पानावर वाक्य अर्धं तुटतं आणि एकशे एकोणतिसावं पान भलतंच कुठून तरी सुरू होतं, हे समितीला इतकं आवडलं की त्यांनी लिहिलं, लेखकाने काळाचा दोर कापून टाकला आहे. परीक्षण मी तीनदा वाचलं. त्यात काळ होता, पोकळी होती, आजचा माणूस होता. तो बिचारा विहिरीतून वर आला की नाही, एवढंच नव्हतं. लेखकाने आधी दोन दिवस आरडाओरडा केला होता म्हणे. बक्षीस लागल्यावर त्याने मुलाखतीत सांगितलं की या रचनेवर आपण सात वर्षं विचार करत होतो. दुसरी आवृत्ती मुद्दाम तशीच बांधून घेतली. नव्या नववीने, तुझ्या जागी आलेल्या मुलीने, दोनदा विचारलं की नक्की उलटेच लावायचे ना, तर मालक तिच्यावर ओरडले की तुला कलेतलं काय कळतं. त्या बातमीचं कात्रण चौकटीत घालून त्यांनी आपल्या टेबलाच्या वर टांगलंय. तुला जे बोलले ते मात्र त्यांनी मागे घेतलं नाही.

सुट्टी संपली की आपल्याकडे यंत्र येतंय. ते सगळे फर्मे स्वतःच उचलतं, जुळवतं आणि शिवतं. दाखवायला आलेला माणूस अभिमानाने म्हणाला की यंत्राचं लक्ष इकडेतिकडे जात नाही, कारण ते वाचत नाही. मला त्या यंत्राची कीव आली. आम्हा सगळ्या बायकांना रामराम. म्हणजे आता मला नवीन सोळा पानं मिळायची नाहीत, जी अर्धी राहिली ती अर्धीच. पण खरं सांगू, मला पुस्तकांपेक्षा आपला जेवणाचा अर्धा तास आठवतो. डबा उघडायच्या आधी मी तुला आठवा सांगायचे, मग तू नववा सांगायचीस. तू सांगितल्याशिवाय मी नववा कधी वाचला नाही. समोरच पडलेला असायचा, नुसता हात लांब करायचा अवकाश, पण तो तुझा होता. तू गेल्यावर नवी मुलगी तिचा फर्मा मला सांगायची तेव्हा माझ्या लक्षात आलं की लेखक तेवढे चांगले नसतातच. लग्न मोडलेल्या पोरीने भर मांडवात सासऱ्याला हिशोब विचारला, चोराने चोरलेली गाणाऱ्याच्या तंबोऱ्याची खोळ परत आणून दिली, ही सगळी तुझी भर होती. छापलेल्या नवव्यात लोक नुसते खिडकीतून बाहेर पाहत बसतात. मला तुझी फार आठवण येते. एवढं लिहून पत्र पुरं करते.

लेकीला आणि जावयांना नमस्कार, नातीला गोड पापा, गुडघ्याला शेक.

तुझी,
आठवी

ता. क. वर ‘कसा लागला, कोण जाणे’ असं लिहिलंय. मी जाणे. दोन्ही ढिगांवर माझाच हात होता. एका हाताने लावत होते आणि विहिरीतल्या माणसाचं वाचत होते, म्हणून तुझा ढीग माझ्या जागी सरकवला ते मला कळलं नाही. पंखा त्या दिवशी बंद होता. मालकांनी विचारलं तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण यांना तेव्हा नुकतंच निवृत्त करून घरी बसवलं होतं, आणि दोघंही दिवसभर घरात या विचाराने माझं तोंड आपोआप मिटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर घडी घालत बसला.

ता. क. दुसरा. याहून वाईट एक आहे, तेही आत्ताच लिहून टाकते, नाहीतर पुन्हा चार वर्षं जातील. बक्षीस लागल्यावर मालकांनी समारंभ केला आणि त्या तीनशे प्रती ‘जिच्या हातून घडल्या’ तिला टेबलावरचं घड्याळ द्यायचं ठरवलं. विचारलं, ते दोन फर्मे नक्की कोणाच्या हातून लागले? तेव्हा मात्र मला लगेच ऐकू आलं. चूक होती तेव्हा ती तुझी होती, बक्षीस झालं तेव्हा माझी झाली. घड्याळ मी घरी आणलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्याची टिकटिक पाठमोरीही ऐकू येते.

ता. क. तिसरा. विहिरीचं पुस्तक मिळालं नाही असं तुला वाटेल अशा बेताने मी वर लिहिलंय. ते मिळालंय. (नाव मला त्या कात्रणावरून ठाऊक होतं, पण यादीत ते लिहायला मी धजले नाही.) सूनबाईने दुकानातून ते न मिळता परत आल्यावर महिनाभर आपल्या काउंटरवर औषधाला थांबलेल्या प्रत्येकाला विचारलं की विहिरीत उतरलेला माणूस वाचलाय का. लोकांना वाटलं, कामाच्या ताणाने पोरीचं डोकं फिरलं. शेवटी खोकल्याचं औषध न्यायला येणाऱ्या एका म्हाताऱ्याने आणून दिलं. तिने ते मला सगळ्यांसमोर दिलं नाही, नंतर स्वयंपाकघरात हातात ठेवलं आणि म्हणाली, आई, हे तेच का बघा. मी तिच्याबद्दल फितीचं वगैरे जे वर लिहिलंय ते खोडायला हवं, पण कागद खराब होईल. पहिल्या आवृत्तीतलं आहे, त्या तीनशेतलंच. मध्यावर उघडलं तर डावीकडे एकशे बारा आणि उजवीकडे एकशे एकोणतीस. पहिल्या ओळीवर नजर जायच्या आत मी मिटलं. चार दिवस कपाटात आहे.

ता. क. चौथा. सुट्टीचे अकरा दिवस अजून आहेत. तू ये. सुई, जाड दोरा आणि खळ घरात आहे. दोघी बसून त्याची पाठ उसवू, तुझा तू काढ, माझा मी काढते, आणि आधी आठवा, मग नववा असं नीट शिवू. मग तू नववा वाचून दाखव, किंवा न वाचता सांग, मला दोन्ही चालेल. शिवायच्या आधी मला काय बोलायचं असेल ते बोल. या वेळी माझ्या हातात घडी नसेल.

ता. क. पाचवा आणि शेवटचा. माणूस नवव्यातही वर आला नाही, तर दहावीला बोलवावं लागेल. ती तुझ्या लेकीच्या गावापासून दोन थांब्यांवर राहते. तिला तूच बोलव, माझ्याशी ती बोलत नाही. का ते आल्यावर सांगते. त्यातही चूक माझीच आहे.